पाठीवरचं सोनं

धनराज थायलंडला जाऊन आला आणि आमच्या चिचटोल्याची झोप उडाली. ट्रकमालकांची कसली तरी सहल होती. आठवडाभरात माणूस तिकडे काय बघतो ते त्यालाच ठाऊक, पण परतला तो धम्माचा पंडित होऊन. गळ्यात लाकडी मण्यांची माळ, मनगटावर दोरा, आणि बोलता बोलता डोळे मिटून घ्यायची नवीन खोड. मी या गावात अंगणवाडी चालवली आहे. या पोराचं शेंबडं नाक मी माझ्या पदराने पुसलेलं आहे. त्यामुळे तो डोळे मिटून शांती, करुणा असं काही बोलायला लागला की मला ते नाकच आठवतं.

आता तो मोठा माणूस झाला आहे. सूरजागडच्या लोहखाणीच्या रस्त्यावर त्याचे ट्रक धावतात, घर गडचिरोलीला, ऑफिस गडचिरोलीला. गावात फक्त त्याची आई, भागरता. ती माझ्याच वयाची, माझ्याच बरोबर लग्न होऊन या गावात आलेली. सणाला धनराज येतो, आईचे पाय धरतो, पण वाकण्याआधी मागे बघून घेतो, फोटो काढणारा तयार आहे की नाही ते. तयार नसला तर चपलेचा पट्टा नीट करत बसतो.

आमच्या विहारातली बुद्धमूर्ती माझ्या नवऱ्याने केलेली आहे. लटारू गवंडी होता. मूर्ती करायला तो कुठे शिकला नव्हता. सती नदीची वाळू, सिमेंट, आत सळ्या, आणि समोर एका कॅलेंडरचं पान, एवढ्यावर त्याने ती उभी केली. डावा कान उजव्यापेक्षा लांब झाला. लोक हसले, मीही हसले. तो म्हणाला, "राजाचा पोरगा होता थो. जड जड कुंडलं घाले. सोडून देल्ली तरी कान लोंबलेच राह्यले. डाव्या कानातलं जास्त वजनाचं असन." उजवा हात जमिनीला टेकलेला आहे. बुद्धाचं ध्यान मोडायला आलेल्या माराने विचारलं होतं, तुझ्या पुण्याईला साक्षीदार कोण, तेव्हा बुद्धाने बोटांनी जमिनीला हात लावला, ती ही मुद्रा. कॅलेंडरवर तो हात बाईच्या हातासारखा नाजूक होता. लटारूने केला तो गवंड्याचा हात झाला, जाड बोटांचा. त्याला दुसरा हात माहीतच नव्हता.

लटारू गेला. त्याने बांधलेली घरं ज्यांची त्यांची आहेत. त्याच्या हातची म्हणून दाखवावी अशी एकच वस्तू या जगात उरली आहे, ती विहारात बसलेली आहे. मला तिच्याशिवाय काही नको होतं आणि कोणी तिला हात लावू नये एवढीच माझी इच्छा होती.

धनराजला मात्र ती मूर्ती डोळ्यात खुपत होती. त्याला आणायची होती अष्टधातूची, सोन्याने झगमगणारी, खाली दात्याचं नाव कोरलेली. बैठकीत आम्ही बायांनी साफ नाही म्हटलं. तेव्हा त्याने डोळे मिटले, उघडले आणि म्हणाला, ठीक आहे, मूर्ती हीच राहू द्या, मी तिला सोन्याने मढवतो.

मग त्याचं भाषण झालं. बुद्धाची कांती सोन्याची होती, महापुरुषाची बत्तीस लक्षणं असतात त्यातलं ते एक, असं सांगून तो बोटांवर लक्षणं मोजायला लागला आणि सहाव्याला अडकला. तिथून त्याने थेट थायलंडला उडी मारली. "तिथी लोक आपल्या हातानं सोन्याचा वर्ख लावतेत मूर्तीले. ज्याचा गुडघा दुखते थो गुडघ्याले लावते. ज्याचं डोकं दुखते थो डोक्याले. दुखणं हलकं होते म्हन्तेत. काय श्रद्धा हाय पहा."

भागरता पुढेच बसली होती. तिने विचारलं, "मंग आमी कदी लावाचं, धन्या?"

"इथी मशीनवर काम हाय, माय. तुमी हात लावान तं डाग पडन."

झालं. आपल्या हाताने लावायचं म्हणून ज्या गोष्टीचं कौतुक, ती गोष्ट इथे मशीनने. असं डोकं चालवायला माणूस विमानातच बसून आलेला लागतो.

बुद्ध जयंतीच्या आधी पेंटर आला. वैशाखातलं ऊन, विहाराचा पत्रा तापून ठणठण वाजत होता. त्याने कॉम्प्रेसर लावला, नळीला पिस्तूल जोडलं आणि डब्यातलं पिवळं पाणी फवारायला सुरुवात केली. थिनरच्या वासाने डोकं भणभणलं. डब्यावर इंग्रजीत काहीबाही लिहिलेलं होतं, त्यावर बोट ठेवून धनराज सगळ्यांना सांगत होता, "इम्पोर्टेड गोल्ड." जेवणाची वेळ व्हायच्या आत लटारूचा बुद्ध लग्नाच्या हॉलमधल्या खुर्चीसारखा चमकायला लागला. विहार समितीचा सचिव निकेश, बीए झालेला, त्याने मान वाकडी करून मूर्तीच्या मागे पाहिलं आणि म्हणाला, "भाऊ, पाठ राह्यली."

धनराज म्हणाला, "पाठ भिताडाकडं हाय. पाठ कोन पायते?"

हे मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. भागरतानेही ऐकलं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "मंग पाठ आपली."

सोनं आमच्याकडे कुठलं असणार. कोणाच्या तुटलेल्या डोरल्यातला मणी निघाला, कोणाची कानातली सुंकली, माझ्याकडे एका कानातली बारीक तार होती. भागरताने नाकातली फुली काढून माझ्या हातावर ठेवली. लग्नातली तेवढी एकच वस्तू तिच्या अंगावर उरली होती. मी म्हटलं, ठेव गं, तुझ्या पोराने मूर्ती मढवलीच आहे. ती म्हणाली, "त्यानं त्याचं मढवलं. माही कंबर मले दुखते, त्याले नाई."

वडशाला खुर्शीदभाई राहतात. त्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या वर्ख कुटायचं काम. आता मशीनचा वर्ख येतो, म्हणून ते मुलाच्या मोबाइलच्या दुकानात एका कोपऱ्यात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला नावं ठेवतात. माझं आणि त्यांचं पटकन जमलं. मी मूर्तीची हकीकत सांगितली तर पिचकारी टाकून म्हणाले, "फवारा मारके गया? सोना क्या मच्छर की दवा है?" मग त्यांनी माळ्यावरून चामड्याच्या पानांचं जुनं पुडकं काढलं. सोन्याचा चपटा केलेला कण त्या पानांच्या मध्ये ठेवायचा आणि वरून हातोडी मारत राहायचं, दिवसभर, एकाच लयीत. शेवटी त्यांनी एक पान उघडून उजेडाकडे धरलं. सोनं इतकं पातळ झालं होतं की पलीकडची खिडकी हिरवट दिसत होती. भागरताची इवलीशी फुली तळहाताएवढी झाली होती.

लावायचं कसं तेही त्यांनीच सांगितलं. सिमेंट तेल पिऊन टाकतं, म्हणून आधी लाखेचा हात फिरवायचा. तो वाळला की कढवलेलं जवसाचं तेल लावायचं आणि वाट पाहायची. बोट टेकवलं तर चिकटलं पाहिजे, पण बोटाला तेल लागता कामा नये. तेव्हा वर्ख ठेवायचा. पंखा बंद, दार बंद, श्वास रोखलेला. "और गुस्सा घर पे छोड़के जाना, बाई. गुस्से में साँस जोर से छूटती, वरक उड़ जाता." राग घरी ठेवून जायचं म्हणजे मला विहारात जाताच आलं नसतं, पण मी हो म्हटलं.

लाख आमच्या जंगलातली, जवस घरातलं. पुरुष मंडळी दुपारची झोपली की आम्ही विहारात शिरायचो. चौथरा आणि भिंत यांच्यामध्ये अंग चोरून उभं राहता येईल एवढीच जागा. पंखा बंद केला की चुलीत बसल्यासारखं व्हायचं, घाम डोळ्यात जायचा, पण तो पुसायला हात हलवायची सोय नव्हती. एकीचा अर्धा वर्ख उडून तिच्याच कपाळावर बसला, तर हसण्याने दुसरीचाही गेला. मग मी सगळ्यांना बाहेर काढलं आणि एकेकीला आत सोडलं.

ज्याचं जे दुखतं त्याला लावायचं, असं ठरलं होतं. आता आमच्या गावात बायांचं दुखतं काय? रोवणीच्या दिवसांत बांधीतल्या चिखलात पाय रोवून, वाकून, धानाचं एकेक रोप लावत दिवसभर मागे मागे सरकायचं, ते वर्षानुवर्षं. डोकं दुखायला आम्हाला वेळ कुठे असतो? पहिलीने कंबरेला लावला, दुसरीने कंबरेला, तिसरीनेही तिथेच. जागेवरून भांडणं व्हायला लागली. शेवटी वर्खावर वर्ख बसले. मी माझा लटारूच्या नावाने लावला. सिमेंट लाखेखालूनही खरबरीत लागत होतं, त्याच्या थापीच्या खुणा बोटांना कळत होत्या, आणि मला तिथे अंधारात रडू आलं. श्वास रोखून रडणं फार अवघड काम आहे.

भागरता अंगाने भरलेली. ती त्या फटीत अडकली, आम्ही दोघींनी ओढून बाहेर काढली. मग तिने बाजूनेच हात घातला आणि न बघता वर्ख चिकटवला. तो सगळ्यांच्या खाली, मूर्तीच्या बैठकीजवळ, वाकडाच बसला. "ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "माही कंबरबी वाकडीच हाय."

दुसऱ्या दिवशी धनराजने मूर्तीच्या मागे प्लायवूडची कमान ठोकून घेतली, तिच्यावर फिरणारं विजेचं चक्र. मागची फट बंद झाली. जयंतीला खीर झाली, भाषण झालं, पंचशील म्हणताना त्याचा आवाज सगळ्यांच्या वर होता. आईच्या पायाशी वाकून त्याने फोटो काढून घेतला. आमचं सोनं कमानीच्या मागे अंधारात गेलं, आणि आम्ही कोणाला काही बोललो नाही.

पावसाळा लागला. विहाराची भिंत दरवर्षीसारखी पाझरायला लागली. आधी मूर्तीच्या ओठाला हिरवट कड आली. मग गुडघे, मग कपाळ. मेणबत्तीकडची बाजू तर तव्याच्या बुडासारखी झाली. रोवणी संपून धान पोटऱ्यांत येईपर्यंत सगळा बुद्ध काळा पडला. शाळेची पोरं खिडकीतून बघून खिदळायची. मी त्यांना हाकलायचे आणि घरी येऊन जेवायचे नाही.

धम्मचक्र दिनाच्या आधी धनराजने बैठक बोलावली. मला वाटलं होतं, माणूस निदान मान खाली घालेल. पण मान खाली घालायला आधी ती लवावी लागते. तो उभा राहिला, डोळे मिटले आणि म्हणाला, "लटारूकाका माणूस देव होता. पण काम कच्चं होतं. नदीची ओली वाळू टाकली त्यायनं. थे ओल आता बाहेर येऊन राह्यली. सिमेंटच खराब हाय."

निकेशने चाचरत विचारलं, "पर भाऊ, सोनं काळं पडते का?"

"सोनं नाई पडत. सिमेंट काळं पडते, थे सोन्यातून दिसते."

आणि बैठकीतले सगळे पुरुष माना डोलवायला लागले. निकेशही. बीए झालेला. ज्या गावात या उत्तरावर माना डोलतात त्या गावात बुद्धाने तरी काय म्हणून बसावं, असं मला वाटलं.

धनराज पुढे म्हणाला, "आता हे मूर्ती फोडून नदीत सोडून देऊ. मी नवी आनतो. धातूची. पिढ्यान् पिढ्या काई होत नाई."

 पाठीवरच्या सोन्याचं ओठांवर आलं होतं, पण मी ते गिळलं, कारण मलाही खात्री नव्हती. कमान लागल्यापासून आमची पाठ कोणी पाहिली नव्हती. पाठीमागची भिंत सगळ्यांत जास्त पाझरते. खुर्शीदभाईंनी आम्हाला फसवलं असेल तर? किंवा लटारूचं सिमेंट खरंच खराब असेल तर? पाठही काळी निघाली की संपलं. धनराज खरा, आणि माझा नवरा आयुष्यभर कच्चं काम करणारा.

मी उठले. "धनराजभाऊ, सिमेंटचाच दोष हाय ना?"

"हो, काकू. वाईट नोको मानू."

"समोरच्या सिमेंटचा, का समद्याच?"

"समदं सिमेंट एकच, काकू. एकाच घमेल्यातलं." आणि तो लोकांकडे बघून हसला, म्हातारीला काय कळतं अशा अर्थाने.

"मंग इथी नोको फोडू. बाहेर काढा, उजेडात."

त्याला वाटलं म्हातारी तयार झाली. त्याने स्वतःच पोरांना हाक मारली. पोरांनी कमान उखडली, बांबू आणि दोर लावले आणि मूर्ती चौथऱ्यावरून उतरवली. दार अरुंद, म्हणून ती फिरवून, पाठीकडून बाहेर काढावी लागली. मी दारातच उभी होते. बघवेना म्हणून मी डोळे मिटून घेतले, धनराजसारखे. मग कोणीतरी म्हणालं, "अरे."

मी डोळे उघडले. ऊन थेट पाठीवर पडलं होतं आणि कंबरेला सोनं होतं. तळहाताएवढे तुकडे, एकावर एक, वेडेवाकडे, आम्ही ठेवले होते तसेच. भिंतीची ओल सगळ्या पाठीवर उतरली होती, वर शेवाळाचे ओघळ होते, आणि त्यांच्या खाली सोनं पिवळंधमक. मी तिथेच मटकन बसले आणि मोठ्याने रडले. लाज वाटायचं काही कारण नव्हतं. माझ्या नवऱ्याचं सिमेंट चांगलं होतं.

आता धनराजचं बघा. दुसरा कोणी असता तर गाडीची किल्ली शोधत निघाला असता. याने दोन्ही हात जोडले, मूर्तीच्या पाठीला वाकून नमस्कार केला आणि लोकांकडे वळून म्हणाला, "पहा. जिथी ओल नाई पोचली तिथी माहं सोनं जसंच्या तसं हाय. असली माल होता, मी म्हनलं नोतं का?"

आणि काही माना पुन्हा डोलायला लागल्या.

मी डोळे पुसले आणि उभी राहिले. "हे तुह्या पेंटरनं लावलं?"

"मंग कोनं?"

"पाठ कोन पायते म्हने ना तू?"

"थोडी लावून घेतली होती, काकू."

"मंग कंबरेलेच काऊन लावून घेतली? खांदे सोडले, मान सोडली, नुसती कंबर. तूच सांगतलं ना, ज्याचं जे दुखते त्याले लावाचं? तुही कंबर दुखते का रे, धनराज? कोनत्या बांधीत रोवणीले वाकला होता तू?"

आधी बाया हसल्या. मग पोरं हसली. मग माना डोलवणारे पुरुषही हसले, कारण आता वारा कुठल्या बाजूने आहे ते त्यांना कळलं होतं. धनराजचा चेहरा लाल झाला. तो म्हणाला, "काकू, तमाशा नोको करू. बायांजवळ सोनं कुठचं आलं? कोनं लावलं असन थे सांग, नाव सांग एकीचं."

भागरता तोपर्यंत पायरीवर बसून होती. ती गुडघ्यावर हात टेकून उठली, एक हात कंबरेवर ठेवला आणि गर्दीतून मूर्तीपाशी आली. सगळ्यांत खालच्या त्या वाकड्या तुकड्यावर तिने पंजा ठेवला. बरोबर तेवढाच होता.

"हे माहं हाय, धन्या."

"तुहं? तुह्याजवळ कुठचं सोनं, माय?"

 तिने नुसतं बोट उचलून आपल्या नाकपुडीवरच्या रिकाम्या भोकाला लावलं. धनराज तिच्या नाकाकडे बघत राहिला.

पोरांनी मूर्ती दिवस मावळायच्या आत परत जागेवर बसवली. भिंतीपासून जरा दूर, मागून माणूस चालत जाईल इतकी. कमान लावली नाही. समोरचा काळा रंग आता आम्ही बाया चिंच आणि राख घेऊन हळूहळू काढतो आहोत, खालून लटारूचं राखाडी सिमेंट निघतं आहे. नवीन मूर्तीचं नाव कोणी काढत नाही.

धनराजने गडचिरोलीच्या ऑफिसात जयंतीचा तो फोटो मोठा करून भिंतीवर लावला आहे, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा. तो आईच्या पायाशी वाकलेला, आई समोर बघते आहे. आमच्या गावचं कोणीही कामाला तिकडे गेलं की आता आधी तिचं नाक बघतं. फोटोतही ते मोकळंच आहे.